इंदूच्या मारुतीचा बंपर

१२ जानेवारी १९९४
इंदू आली. चोपड्याहून एकटी, गाडी चालवत. पायात चप्पल नाही! लग्नात तिला दिलेली माझी जुनी मारुती — पुढचा बंपर मधोमध फुटलेला, एक टोक रस्त्याला घासत आलेलं.
कमलने आधी नातीचं विचारलं, 'चिंगी कुठंय?'
'तिथेच.'
अजून अंगावर पिणारी पोर — तिथेच!

१४ जानेवारी
संक्रांत. घरात तीळगूळ नाही. इंदूचा पदर सारखा ओला होतो. ती आत जाऊन साडी बदलते.

१५ जानेवारी
चोपड्याला जाऊन आलो. जावई दारातच आडवा. 'तुमची पोर तुमच्याकडे, माझी माझ्याकडे!' अभिमनला मी मुलगा मानलं होतं. विहीणबाई — भिकुबाई — चिंगीला कडेवर घेऊन ओट्यावर उभ्या. मी हात पुढे केले. त्यांनी मान खाली घातली नि आत निघून गेल्या. बाई आहे की दगड!
येताना एसटीत मफलर तोंडाला लावून रडलो.

१८ जानेवारी
हात रिकामे राहिले की डोकं फिरतं. बंपर काढला. शेजारचा रुपचंद म्हणाला, 'नवा टाका ना.' नको. मीच करीन. दोन नळ्यांचा गोंद कालवून लावला, विटा ठेवून वाळवला. उचलला तर — टच! पुन्हा दोन तुकडे. गोंद या प्लास्टिकला धरतच नाही. तसाच अंगणात बसून राहिलो.

२१ जानेवारी
वितळवूनच जोडायचा. एका तुकड्याला आणखी एक भेग गेली होती; ती पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं. कमलची जुनी गाळणी फोडून जाळी मागच्या बाजूला ठेवली. स्क्रूड्रायव्हर स्टोव्हवर लाल करून जाळी प्लास्टिकमध्ये दाबत गेलो. काय घाण वास! इंदू आपणहून आली, दोन्ही तुकडे जुळवून धरून बसली.
मी म्हटलं, 'कुठे ठोकली त्याने?'
'मी ठोकली, नाना.'
मग सगळं सांगितलं. हात मात्र हलू दिला नाही. अभिमनने पट्ट्याने मारलं. फाटकाला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. हिने गाडी सरळ फाटकावर घातली. मागे घेतली — पुन्हा घातली!
'आणि चिंगी?'
'सासूबाईंच्या कडेवर होती. द्या तिला, द्या तिला, म्हणून ओरडले. नाही दिली. तो धावत येत होता... मी तिला टाकून आले, नाना.'
स्क्रूड्रायव्हर हातातच गार झाला. तापवायला उठवेना.

२४ जानेवारी
पॉलिश पेपरने घासून काळा रंग मारला, बंपर बसवला. जोड दिसतो. दिसू दे.
वकील म्हणतात, पोर मिळेल, पण कोर्टाचं काम, वेळ लागणार. इंदू म्हणते, तोवर ती मला विसरेल.
आज तिचा पदर कोरडा. ते पाहून कमल मोरीत जाऊन रडली.

२७ जानेवारी
सकाळी दारात रिक्षा. भिकुबाई! कडेवर चिंगी, हातात पिशवी, डोळ्याखाली काळंनिळं. चिंगी इंदूकडे झेपावली.
मी तोंड उघडायच्या आत म्हातारी म्हणाली, 'भाऊ, हाई तुमनी पोर. माले बी राहू द्या. बठ्ठं घरदार सोडीसन उनू.'