सुतळी आधी सोडली

१४ जून, रविवार

चि. धाकट्यास दादाचा आशीर्वाद.

इथे सगळे बरे आहोत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. तू सासुरवाडीला गेल्यापासून ती तुझ्याबद्दल विचारते आणि मी विषय बदलतो.

अपघाताच्या दिवशी सकाळी मी तुझ्या आधी छापखान्यात पोचलो. कटिंग मशीनला नमस्कार केला, पातं पुसलं, कागदाचे गठ्ठे लावले. आणखी एक काम केलं. ते पुढे लिहितो.

मी संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला जातो. फोरमन व्हायचं तर रिपोर्ट इंग्रजीत लिहावे लागतात ना. परवा क्रियाविशेषणं झाली. बऱ्याच शब्दांना मागे 'ली' लावायचा, स्लोली, केअरफुली असं. मी लिहिलं, 'आय वर्क हार्डली.' बाई हसल्या. "काका, याचा अर्थ तुम्ही कामच करत नाही! नुसतं हार्ड लिहा." घरी तुझी वहिनी म्हणाली, "मग बरोबरच लिहिलंय की!"

पुढे बाई म्हणाल्या, "क्रियापद सांगतं काय झालं. हे शब्द सांगतात कसं झालं, कधी झालं." आणि फळ्यावर लिहिलं, केअरलेसली. तो शब्द तुझ्या अपघाताच्या रिपोर्टात आहे. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. त्यावरच तुला कामावरून काढलं.

इंग्रजी कळलं नाही म्हणून सही केली, असं मी आईला सांगितलं. ते खोटं आहे. सुपरवायझरने मला मराठीत वाचून दाखवलं होतं, "निष्काळजीपणे हात घातला."

कव्हर उघडलं की मशीन बंद पडतं, हे तुला मीच शिकवलं. तू कव्हर उघडूनच अडकलेला कागद काढायला गेलास. पण काम भरभर व्हावं म्हणून त्या सकाळी कव्हरखालचा खटका मी सुतळीने बांधून ठेवला होता. आम्ही जुने लोक बांधतो, मग कव्हर उघडलं तरी मशीन चालूच राहतं. तुला सांगितलं नव्हतं.

तू ओरडलास तेव्हा मी आधी सुतळी सोडली, खिशात घातली. मग तुझ्याकडे आलो.

दवाखान्यात तू विचारलंस, "दादा, कव्हर तर उघडं होतं ना रे?" मी म्हणालो, "आठवत नाही."

रोज देवापुढे बसतो. हात जोडतो, माझी दहाही बोटं समोर दिसतात. काही वाटत नाही. वाटायला हवं, एवढंच कळतं.

काल मालकांना नवा रिपोर्ट दिला. मीच लिहिला, इंग्रजीत, चुका असतील. सुतळी सोडल्याच्या वाक्यात 'फर्स्ट', म्हणजे आधी, हा शब्द घातला आहे. मालक म्हणाले, "फोरमन व्हायचं सोडा, आहे ती नोकरीही जाईल. कागद परत घ्या." मी घेतला नाही. सुतळी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

रिपोर्टाची प्रत सोबत आहे. लागेल तिथे दाखव.

कव्हर उघडं होतं. मला आठवतं.

दादा