डबीतले दुसरे

३ नोव्हेंबर २०२५, लातूर
आज ओळखीचा मलप्पा आमच्या डाळमिलवर अवतरला. हा गृहस्थ आयुष्यात एकदाच विमानात बसला, आणि तेव्हापासून त्या शास्त्राचा महामहोपाध्याय आहे. म्हणाला, "नांदेडला गळ्यातलं लिंगबी काढून ट्रेमधी ठेवाया लावतेत, शेठ. मशीनमधी समदं दिसतंय."
आम्हा लिंगायतांचे इष्टलिंग देहापासून विलग? परहस्ते? बंगळुरूस चिरंजीवाकडे जाणे आहे — परंतु अब्रू ट्रेमध्ये ठेवून नव्हे.

४ नोव्हेंबर
निषेधाचे भाषण रचले. इष्टलिंगाची चांदीची डबी म्हणजे खाजगीतली खाजगी वस्तू. आमच्यात जन्मताच लिंग बांधतात. चिरंजीवास बांधले. त्याआधीच्या, बारसेही न पाहिलेल्या कन्येसही बांधले होते. ते तिच्याबरोबर मातीत गेले.

६ नोव्हेंबर
घरी रंगीत तालीम. मी सुरक्षा अधिकारी, हाती लाटणे, सौ. शिवगंगा प्रवासी.
"डबी उघडा, बाई."
"हात लावायचा न्हाई."
स्वर विनोदी नव्हता. डबी पदराआड गेली. संशय उत्पन्न झाला.

७ नोव्हेंबर
डबीत काय असावे? कुण्या बाबाचा ताईत? आठवले — पूजेला ती सदैव भिंतीकडे तोंड करून बसते. मी आजवर त्यास एकाग्रता समजत होतो!
विचारले. "तुमचंच भाषण हाय ना? खाजगी ते खाजगी."


९ नोव्हेंबर, नांदेड विमानतळ
माझी डबी पाहून शिपायाने हात जोडले. "जावा काका." भाषण वाया गेले.
सौ.स मात्र पडद्याआड नेले. मी, गोपनीयतेचा कैवारी, पडद्याला कान लावून उभा. आतून महिला शिपायाचा आवाज, "काकू, डबीत दोन लिंगं कशी?" उत्तर ऐकू आले नाही. शिपाईबाई डोळे पुसत बाहेर आली.
माणशी लिंग एकच. मग दुसरे कोणाचे? एका परक्या स्त्रीस ठाऊक, भ्रतारास नाही.

१० नोव्हेंबर, बंगळुरू
विचारले नाही. झोपही नाही.

१२ नोव्हेंबर
सकाळी ती पूजेला बसली. डबीचे झाकण वाजले, तसे मीच भिंतीकडे तोंड केले.
"वळा हिकडं," ती म्हणाली. "पूजेला धरता तसा डावा हात पुढं करा."
तळहातावर बोराएवढे लिंग ठेवले.
"धरा जरा. लेकीचं हाय."