शिळी भुकटी

मुक्काम पुणे,
चैत्र वद्य ५, शके १८६८

तीर्थरूप बलभीमदादांच्या पायी धाकट्या महारुद्रचं डोकं. मी इथं बरा आहे. आईचा गुडघा कसा आहे? तांबडी गाय व्याली का? तामलवाडीहून तुमचं पत्र पावलं. त्यातल्या शेवटच्या दोन ओळींचं उत्तर खाली देतो, आधी दुसरं सांगतो.

सोलापूरची गिरणी सोडली, कुर्डुवाडीच्या रेल्वेतलं कोळशाचं काम सोडलं, ते तुम्हाला ठाऊकच. पाय एका जागी ठरत न्हाय. पण ह्या कलिंगडाच्या बागेत पौषापासून टिकलो. काम लई निराळं. साहेबांना बिनबियांचं कलिंगड करायचंय. नर फुलातली पिवळी भुकटी झाडून बाटलीत भरायची, ओल लागू नये म्हणून बाटली चुनकळीच्या डब्यात घालून गार खोलीत साल-साल जपायची. शिळी झाली की कुंचल्यानं मादी फुलाला लावायची. फळ धरतं, बी धरत न्हाय.

मी पहिल्यांदा बाटली उघडली अन् हात आपोआप कपाळाला गेला. खंडोबाचा भंडाराच वाटला. चिमूटभर तोंडातही टाकली. साहेब बघतच राहिले. मुकादम हणमंतप्पा म्हणाले, आता ह्याच्या डोक्याला कलिंगड लागणार. तवापासून सगळे मला वाघ्या म्हणतात.

त्या पायी भुकटी कमी पडली. शेवटच्या वेलावर एका फुलाला कशीबशी पुरली. दुसऱ्याला हणमंतप्पांनी त्या सकाळचंच ताजं नर फूल चोळलं.

काल दोन्ही फळं कापली. शिळ्या भुकटीचं नुसतं लाल, आत चारदोन पांढरी फोलं. दुसरं काळ्या बियांनी गच्च. मी हणमंतप्पांना विचारलं, पहिलं फूल वांझ होतं का?

"फुलाचा काय दोष रं? वेल एकच, फुलं सारखी. भुकटीतच जीव नव्हता."

दादा, ते ऐकलं अन् आपलं घर आठवलं. आमच्या लग्नाला किती सालं झाली. आईनं तिला भूमच्या वैदूकडं नेलं, तुळजापूरला लोटांगणं घालाय लावली, दुसऱ्या बायांची ओटी भरताना तिला मागं बसवलं. मला कुणी काही विचारलं न्हाय. मीही बोललो न्हाय. गाव बदलत राहिलो.

आता त्या दोन ओळी. नळदुर्गची मुलगी पसंत केली, वैशाखात तुझं दुसरं लग्न उरकून घेऊ, रजा काढून ये, असं तुम्ही लिहिलं. मी येणार न्हाय. दुसरी आणली तरी बाटली तीच राहील. मग तिलाही मागं बसवाल. खरं काय ते मला ठाऊक न्हाय. इथल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन स्वतःला दाखवणार आहे. भ्या वाटतं, पण जाणार.

नळदुर्गकरांना नाही म्हणून कळवा. वहिनींना सोबत देऊन तिला अक्षय्यतृतीयेच्या आत सोलापूरला पाठवा. मी स्टेशनावर येऊन तिला इकडं घेऊन जाईन.

हे पत्र आईपुढं मोठ्यानं वाचा. गिरिजा चुलीपाशी असंल, तिला ऐकू जाऊ द्या. तिचं नाव तुमच्यापुढं मी आजवर घेतलं न्हाय. आज मुद्दाम लिहिलं.

तुमचा धाकटा अन् गिरिजाचा नवरा,
महारुद्र