पेंढ्याचं मांजर

अहो संजूचे बाबा,

मी कोण, ते आठवतंय का? का तिथंही शेजारच्याला विचारताय, "ह्या बाई कुणाकडच्या?"

धाकटी सून लिहून घेतेय. माझं हाय-न्हाय ती आहे-नाही करतेय. म्हणून हे दुसऱ्याच कुणाचं पत्र समजू नका.

आज तुमचा पहिला म्हाळ. सकाळपासून गच्चीवर पान वाढून ठेवलंय आणि कावळा काही शिवत नाही. संजूनं हात जोडून शब्द दिला, आईला अंतर देणार नाही. सुनेनं दिला. कावळा समोरच्या टाकीवर बसून नुसता बघतोय. अगदी तुमच्यासारखा! सगळे माझ्याकडं बघतात, आता तुम्ही बोला म्हणून. मी काय बोलू? आधी तुम्ही बोला.

वृद्धाश्रमातल्या सिस्टरनं तुमच्या मांडीवर ते सेलवर चालणारं मांजर ठेवलं, तेव्हा मी हसले होते. पाठीवर हात फिरवला की गुरगुरायचं, डोळे मिटायचं. सिस्टर म्हणाली, "आजी, विसर पडलेल्या माणसांना यानं शांत वाटतं." वाटलंच की तुम्हाला! आरडाओरडा थांबला, झोप लागली. पण नाव काय ठेवलंत? हिरा! उभ्या जन्मात मला 'अगं'शिवाय हाक मारली नाहीत, आणि मांजराला माझं नाव?

मी म्हटलं, "अहो, हिरा मी हाय."

"हिरा ही काय मांडीवर. तुमी कुठलं पावणं?"

त्या दिवशी रिक्षात मी पदर तोंडात कोंबून रडले. सांगितलं नव्हतं तुम्हाला. सांगून तरी काय!

मग तुम्ही तिला दूध-भाकरी कुस्करून भरवलीत. यंत्रात दूध गेलं, गुरगुर बंद. आणि तुम्ही जेवण सोडलंत. दारात येईल त्याला सांगायचात, "बायको गेली हो माझी." मलाही सांगितलंत! मी जिवंत समोर बसलेली, हातात घास, आणि तुम्ही माझ्यासाठी रडताय. असं कुणाच्या नशिबी येतं का हो?

यंत्र दुरुस्त होईना, तुमच्या पोटात अन्न जाईना. डॉक्टर नळीचं बोलायला लागले. मला काही सुचेना. मग तुमचाच धंदा आठवला. म्हशीचं रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून तुम्ही तिच्यापुढं उभं करायचात. ती चाटायची, पान्हा सोडायची, आणि दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला लोक पेले घेऊन उभे! मी सिस्टरच्या पाया पडले, ते मांजर मागून आणलं, आतलं यंत्र काढलं, पेंढा भरला, शिवलं.

तुम्ही ते मांडीवर घेतलंत. दाबलंत. नाकाशी नेलंत.

"आयला, पेंढा हाय की ह्यात!"

आणि माझ्याकडं बघून हसलात. म्हशीला फसवल्यावर हसायचात ना, तस्सं. माझ्या हातून चार घास खाल्लेत. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आत निघून गेलात.

मला एवढंच सांगा. तेव्हा मला ओळखलंत, का नुसता पेंढा ओळखलात?

रोज विचारते. भिंतीला विचारते, तुमच्या फोटोला विचारते. जेवताना घास हातातच राहतो. तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? आणि तुम्हाला तरी ठाऊक होतं का?

दुपार कलायला लागलीय. पोरं उपाशी आहेत, तुम्हीही उपाशी असाल. तर घ्या, माझाही शब्द घ्या. हे पुन्हा विचारणार नाही. तुम्ही हसलात, माझ्या हातचं खाल्लंत, तेवढ्यावर उरलेले दिवस काढीन. आता तरी या.

तुमचीच,
हिरा
(अंगठा)

ता. क. कावळा धाडाल त्याला सांगा, आधी वडा उचल. वडे माझ्या हातचे आहेत. खीर ह्याच सुनेनं केलीय, ती राहिली तरी चालेल. (लिही गं, थांबू नकोस!)