न गळणारा वाफा

प्रिय सूनबाई,

तुझ्या पत्राला दीड महिना होऊन गेला. दर रविवारी फोनवर मी हवापाण्याचं बोलत राहिलो आणि तूही समजून पुन्हा विचारलं नाहीस. तुझ्या प्रयोगशाळेतल्या त्या गृहस्थांनी तुला लग्नाचं विचारलं आहे, आणि आम्ही नको म्हणालो तर तू त्यांना नकार देणार, असं तू लिहिलं होतंस. माझं उत्तर त्याच दिवशी तयार होतं. पण पत्र आम्हा दोघांच्या नावाने होतं. हिने ते वाचलं, घडी घालून कपाटात ठेवलं आणि खिडकीपाशी खुर्चीत जाऊन बसली. आमचा मुलगा गेल्यापासून तीन वर्षं ती तिथेच बसते, हे तुला सांगायला नको.

तिला त्या खुर्चीतून उठवल्याशिवाय विचारण्यात अर्थ नव्हता. गुडघ्यांमुळे वाकता येत नाही म्हणून मागच्या अंगणातली तिची झाडं सुटली होती. मग झाडंच वर आणायची असं मी ठरवलं. ती ओट्याशी उभी असताना जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंतचं माप घेतलं. काय करताय म्हणाली, तर पडद्याचं माप आहे असं ठोकून दिलं. फर्निचरच्या दुकानाबाहेर पडलेल्या खोक्यांच्या फळ्या मागून आणल्या, त्यातले खिळे उपटून सरळ केले, जुन्या टेबलाचे पाय जोडले. विकत आणले ते फक्त स्क्रू. चार दिवसांत लाकडी वाफा तयार झाला.

सदतीस वर्षं मी पाण्याच्या टाक्या बसवल्या. एकही कधी गळली नाही. त्याच सवयीने वाफ्याला आतून पत्रा ठोकला, सांधे डांबराने भरले आणि काठोकाठ पाणी भरून दिवसभर राखण करत बसलो. एक थेंब नाही! मी खिडकीकडे बघून हिला हाक मारली. तिने मान हलवली, तेवढंच.

पाणी उपसून तळाशी सुका पाला आणि काटक्या घातल्या, म्हणजे माती कमी लागते. वर अंगणातली माती आणि खड्ड्यातलं ओल्या कचऱ्याचं खत. बी स्वयंपाकघरातल्या डब्यातलंच. धने लाटण्याने हलके रगडून पेरले. भाजीबरोबर आलेल्या पुदिन्याच्या काड्या मुळं फुटेपर्यंत पेल्यात ठेवल्या, मग लावल्या. समोरच्या शिंप्याने गवती चहाचा ठोंब दिला. मी न चुकता दोन वेळा पाणी घालत होतो. पंधरा दिवसांत पुदिना काळा पडला, धने उगवलेच नाहीत, आणि असा वास सुटला की मोरी तुंबली का, म्हणून शिंपी बघायला आला.

तेव्हा मागचं दार वाजलं. ही काठी टेकत बाहेर आली. तिने मातीत बोट खुपसलं, हुंगलं आणि म्हणाली, "अहो, हा वाफा की हौद? पाणी जाणार कुठून? झाडांना पोहायला शिकवताय?" आधी शिंपी हसला, मग ही हसली. मी बघतच राहिलो. दुसऱ्या दिवशी सगळं उपसून तळाला भोकं पाडायला घेतलं. ही डोक्यावर उभी. "अजून एक पाडा. अजून. जीव जातोय का तुमचा?" जातच होता. स्वतःच्या हाताने केलेल्या कामाला मी आजवर भोक पाडलं नव्हतं.

आता वाफा तिच्या ताब्यात आहे आणि मी बादली उचलण्यापुरता. कोथिंबीर चार बोटं वर आली आहे. गवती चहाने एवढ्या पाण्यातही तग धरला. येणाऱ्याजाणाऱ्याला ती वाफा दाखवते आणि गाडी हमखास तुझ्यावर येते. आमची सून घर सांभाळून शिकली, आता प्रयोगशाळेत आहे. खरंच आहे ते. तो गेल्यावर आम्ही दोघं कोलमडलो तेव्हा तू आम्हाला जेवायला बसवत होतीस, परीक्षाही देत होतीस. मला बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवतो. अभिमान वाटावा अशा माझ्या गोष्टींत टाक्या दुसऱ्या नंबरवर आहेत.

काल सकाळी तण काढता काढता, मी काही विचारलं नसताना, ही म्हणाली, "तिला लिहा, दोघं मिळून या. एकटी आली तर दार उघडणार नाही मी." मग बराच वेळ ती एकाच कोपऱ्यात बोटं फिरवत राहिली. तिथे तण उरलं नव्हतं. मी बादली भरायला निघून गेलो. तेव्हा तारीख ठरव. नोंदणीच्या कचेरीत तुझ्या बाजूने साक्षीदाराची सही लागेल. तुझे वडील असते तर त्यांनी केली असती, आता मी करीन. नात्याच्या रकान्यात काय लिहू, असं मी हिला विचारलं. म्हणाली, "वडील. दुसरं काय लिहिणार?"

तुझेच,
बाबा