दोराचं वरचं टोक

प्रिय लंबू,

चार इमारती पलीकडे राहणारा माणूस पत्र कशाला लिहितोय म्हणून हसशील. हस. फोन का केला नाही ते पुढे कळेलच. आधी एक गोष्ट कबूल करून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिणं जमणार नाही. त्या चिखलाच्या शर्यतीला मी तुझ्याबरोबर आलो ते मैत्रीखातर नाही. तुझ्या मनात नेमकं काय शिजतंय ते बघायला आलो होतो.

तू मला शंकासुर म्हणतोस ते काही उगाच नाही. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरांच्या हसण्यापर्यंत मला सगळ्यात काहीतरी दिसतं. बायको म्हणते, आरशातला माणूस आपल्यामागे डोळा मारत नाही ना, हेसुद्धा तुम्ही वळून बघाल. पण गेल्या वर्षभरात जरा जास्तच झालं होतं. मी खोलीत आलो की बायको आणि मुलगी आवाज खाली घ्यायच्या. कामावर जेवताना सगळे खो खो हसायचे आणि मला विनोद मागाहून कळायचा, तोही कुणी परत सांगितला तर. साहेब तर माझ्याशी मुद्दाम पुटपुटायला लागले होते. दुसऱ्यांदा विचारलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. मी मनात म्हणायचो, करा बाबांनो, काय खलबतं करायची ती करा.

त्यात तुझं बोट. आठ महिने आपण दोघांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, म्हणून आज सगळं मांडतो. त्या दिवशी तू लिफ्टच्या टपावर उभा राहून चाक साफ करत होतास आणि मी वर मशीनच्या खोलीत बटणावर अंगठा ठेवून होतो. एकवीस वर्षं आपली हीच पद्धत. तू ‘चल’ म्हणायचं, मी बटण दाबायचं. तू ‘थांब’ म्हणायचं, मी सोडायचं. तिसऱ्या शब्दाची आपल्याला कधी गरज पडली नाही. त्या दिवशी तू ‘चल’ म्हणालास, मी दाबलं, लिफ्ट वर यायला लागली. जमिनीतल्या ज्या भोकातून तारा खाली जातात तिथून मी डोकावलो, तर तुझ्या टोपीवरच्या दिव्यात तुझं उघडं तोंड दिसलं. हात चाकात होता. मी अंगठा उचलला, पण तोवर उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची दोन पेरं गेली होती.

चौकशीत तू एकच वाक्य बोललास, “मी ओरडलोच नाही, चूक माझी.” नियम तर साधा आहे. टपावरच्या माणसानं आवाज द्यायचा, नाही दिला तर दोष त्याचा. तुला लिफ्टवरून उतरवलं आणि गोदामाच्या खिडकीत बसवलं, लोकांना बोल्ट आणि हातमोजे काढून द्यायला. मला एकट्याला दारं दुरुस्त करायच्या कामावर टाकलं. कागदावर माझं म्हणणं लिहिलं होतं, ‘आवाज ऐकू आला नाही.’ मी खाली सही केली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आणि तिथूनच माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. एकवीस वर्षांत एकदाही आवाज द्यायला न विसरलेला माणूस त्याच दिवशी कसा विसरतो? आणि विसरला तरी इतक्या गुमान दोष कसा घेतो? मी असतो तर आकाशपाताळ एक केलं असतं. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. हा काहीतरी राखून ठेवतोय, वेळ आली की माझ्यावर काढेल. मग दोनदा तुला साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना पाहिलं. मला बघितल्यावर तू दार ओढून घेतलंस. गेल्या महिन्यात कळलं की मला नवा जोडीदार देऊन पुन्हा लिफ्टवर पाठवणार आहेत, आणि त्याच आठवड्यात तू शर्यतीचं पत्रक खिडकीतून माझ्यापुढे सरकवलंस. डोंगर, चिखल, भिंती, दोर, सगळं जोडीनं पार करायचं. म्हणालास, आपण दोघं जाऊ. पन्नाशी उलटलेले दोन बाप्ये, एकाचं पोट सुटलेलं, दुसऱ्याचं बोट गेलेलं. संशय येणार नाही तर काय होणार? बायको म्हणाली, जा हो, तेवढाच पोटाचा घेर उतरेल. मी रात्री बुटांच्या नाड्या दोनदा तपासल्या.

सकाळी डोंगराच्या पायथ्याशी ती गर्दी, टँकरनं पाणी सोडून मुद्दाम केलेला तो रबरबाट, आपल्या दोघांच्या छातीवर तोच चौसष्ट नंबर. शिट्टी कधी वाजली मला कळलंच नाही. सगळे पळाले म्हणून मी पळालो आणि मनात म्हटलं, लंबूनं मला गाफील ठेवलं. पुढे तू सारखा माझ्या उजव्या बाजूला येत होतास. मी मुद्दाम बाजू बदलली तर तू वळसा घालून पुन्हा उजवीकडे. डावीकडे उतार होता. हा मला खाली तर लोटत नाही ना, असंसुद्धा माझ्या डोक्यात येऊन गेलं. हो, इतकं. आता लिहिताना कान लाल झालेत माझे.

मग ती फळ्यांची भिंत. तू तुझ्या लांब टांगा टाकून वर चढलास, पालथा पडलास आणि मला हात दिलास. डावा हात धडधाकट असताना उजवा दिलास, चार बोटांचा. मी म्हटलं, सापडला डाव. अर्ध्यावर सोडेल आणि लोकांना सांगेल, काय करणार, बोटच नाही. मी तो हात धरला नाही. शेजारच्या जोडीतल्या दोन नर्सबाईंना विनवलं, त्यांनी मला खालून रेटून कसंबसं पलीकडे टाकलं, पोतं टाकावं तसं. तुझा हात बराच वेळ तसाच लोंबत होता. मग तू तळवा पँटला पुसलास. ते मला अजून दिसतं.

जाळीखालून सरपटताना मी साफ तोंडघशी पडलो, नाकातोंडात चिखल. तू हसत सुटलास आणि मलाही हसू फुटलं. तेवढ्यापुरता मी सगळं विसरलो. मला आपली ती नऊ मजली इमारत आठवली. माझी मुलगी झाली ती बातमी तू मला तळमजल्यावरून ओरडून दिली होतीस, लिफ्टच्या बोगद्यातून, आणि नऊ मजले वर मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. “मुलगी रे, नाक तुझ्यावर गेलंय, बिचारी!” मी तिथेच मशीनला टेकून रडलो होतो. एवढा आपला मित्र, आणि मी त्याच्या हातावर संशय घेतोय, असं वाटलं. पण जाळी संपली आणि मी पुन्हा तोच शंकासुर.

शेवटच्या चढावर मात्र इलाज नव्हता. उभी घसरण, एकच ओला दोर, वरचं टोक तुझ्या हातात आणि खालचं माझ्या कमरेला. नर्सबाई माझ्या डाव्या हाताला होत्या. मी पाय रोवत येत होतो आणि तुझ्या तोंडाकडे बघत होतो, कारण नजर ठेवायची होती ना तुझ्यावर. आणि तुझं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळे मोठे झाले. तसाच चेहरा, लंबू. भोकातून दिसला होता अगदी तसाच. आवाज काहीच नाही. मी पुढचं पाऊल उचललं. त्याच क्षणी एका नर्सबाईनं मागून माझा सदरा धरून मला आडवं पाडलं आणि वरच्या टप्प्यावर लोक खांद्यावरून ओंडके वाहत होते, त्यातला निसटलेला एक माझ्या डोक्यासमोरून घरंगळत गेला. मी उठून पाहिलं तर सगळ्या चढावरची माणसं जागच्या जागी थांबलेली. वरची, खालची, बाजूची. तू ‘थांब’ म्हणून ओरडला होतास आणि डोंगरावरच्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं होतं. मी सोडून. दोर तेवढा ताठ होता, एक वीतही सुटला नव्हता.

खाली पाण्याच्या नळीपाशी, शर्यत बघायला आलेल्या वहिनी तुझा दोरानं सोललेला तळवा धूत होत्या. त्यांनीच मला सांगितलं, तू चहा आणायला गेलास तेव्हा. महिनाभर गच्चीवर ओल्या दोरानं पाण्याचे डबे ओढत होतास म्हणे. साहेबांकडे दोनदा जाऊन विचारलंस, हात धरत असेल तर परत त्याच जोडीला घ्याल का. साहेब म्हणाले, आधी त्या हातानं माणूस पेलून दाखव. मग वहिनींनी स्वतःला ओढून बघायला सांगितलं, तर तू म्हणालास, नको, मला त्याचंच वजन सवयीचं आहे. मी चहा न घेताच घरी आलो. तुला वाटलं असेल, पुन्हा कुठला तरी संशय आला.

आला होता, पण या वेळी स्वतःवर. गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डावा जवळजवळ गेला आहे, उजवा निम्म्यावर आलाय. हे आज झालेलं नाही, दोन वर्षं तरी झाली असतील, म्हणाले. म्हणजे घरात कुणी कुजबुजत नव्हतं, आणि साहेबही पुटपुटत नव्हते. तुला ते माझ्याआधी कळलं होतं, म्हणून तू उजवीकडे यायचास. आणि म्हणूनच चौकशीत तसं बोललास, कारण तू ‘ओरडलो’ म्हणाला असतास तर पुढचा प्रश्न माझ्या कानांचा आला असता. आठ महिने मी समजत होतो की त्या भोकातून दिसलेलं तुझं उघडं तोंड ही बोट गेल्यावरची किंकाळी होती, मशीनच्या घरघरीत बुडालेली. ती नंतरची नव्हती, लंबू. बोट तेव्हा जागेवर होतं. काल साहेबांना डॉक्टरांचा कागद आणि सगळी हकिकत लिहून दिली. नवा जोडीदार मला नको, बटणावर माझा अंगठा पुन्हा नको, आणि माझी जुनी सही मी मागे घेतोय. त्या दोराबद्दलही लिहिलंय, नर्सबाईंचा नंबर दिलाय, हव्या तर साक्षीला येतील. सोमवारी ते तुला बोलावतील आणि पुन्हा तेच विचारतील, ओरडला होतास का. या वेळी माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, एवढं सांगायला हे पत्र. मलाही पुन्हा सांगायची गरज नाही. तू ‘थांब’ म्हणाला होतास. पोचलं मला. आठ महिने लागले.

तुझाच,
शंकासुर