लॅच, फ्लिप-फ्लॉप आणि ललितचा डाव

४ ऑगस्ट
आज कळलं. एक बिट लक्षात ठेवणारं सर्किट मी वीस वर्षं फ्लिप-फ्लॉप म्हणून शिकवतोय. नवा लेक्चरर ललित पोरांना सांगतो, सर फळ्यावर काढतात ते लॅच. क्लॉकच्या ठोक्यालाच बदलतं ते फ्लिप-फ्लॉप. आमच्या वेळच्या पुस्तकात दोन्ही फ्लिप-फ्लॉपच होते! आणि हे नेमकं आत्ता, विभागप्रमुख रिटायर होताना? त्या खुर्चीवर हक्क माझा. संकल्प: शांत राहणे. नजर ठेवणे.

६ ऑगस्ट
ललितने त्याच्या गावाहून, प्रकाशाहून, शेतातल्या पपया आणल्या. प्राचार्यांना एक, मला दोन. म्हणजे जास्त गप्प मलाच करायचंय. दोन्ही खाल्ल्या. पुरावा कशाला ठेवा! फार गोड होत्या. तेही खटकलं.

११ ऑगस्ट
लॅबमध्ये ललित आणि लॅब असिस्टंट गोवाल यांची कुजबुज. मी जाताच गप्प. गोवाल म्हणाला, आमच्या धडगावची जीप भरून कधी निघते ते सांगत होतो. प्रकाशाच्या माणसाचं धडगावला काय काम?

१२ ऑगस्ट
बायकोला सगळा कट सांगितला. ती म्हणाली, "तुम्हले दुसरं काम नही शे का? आधी जेवी ल्या." घरातही फितुरी. जेवलो.

१४ ऑगस्ट
मास्टरस्ट्रोक! प्राचार्यांपुढे प्रात्यक्षिक मागितलं. दोन्ही सर्किटं शेजारी, दोघांना मिळून एक स्विच आणि क्लॉकच्या जागी एक बटण. दिवे सारखेच पेटणार, मग नावं दोन कशाला? ललित लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच?

१८ ऑगस्ट
स्विच वर करून बटण दाबून धरलं. दोन्ही दिवे लागले. टाळ्या! बोट बटणावरच ठेवून मी भाषण सुरू केलं. प्राचार्यांनी सहज स्विच खाली केला. लॅचचा दिवा विझला, दुसरा तसाच. वर केला, पेटला. खाली, विझला. दुसरा ढिम्म. प्राचार्यांना खेळच मिळाला. मी म्हणालो, लूज कनेक्शन. गोवालने तपासलं, कनेक्शन पक्कं. मग व्होल्टेज म्हणालो. पोरं हसली. ललित हसला नाही. का नाही हसला?

२० ऑगस्ट
विभागाचा चार्ज सिव्हिलच्या शीला मॅडमकडे. प्राचार्य म्हणाले, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं आधी एकमत होऊ द्या. ऑफिसात कळलं, ललितने खुर्चीसाठी नाव दिलंच नव्हतं. विचारल्यावर माझंच सांगितलं होतं. फार लागलं मनाला.
दुपारी मॅडमनी दोघांना बोलावून विचारलं, त्या दोघांत फरक काय? ललित म्हणाला, सर सिनिअर आहेत, सरच सांगतील. मी सांगितलं: बटण दाबलेलं असेपर्यंत बदलत राहतं ते लॅच, दाबल्या क्षणीच बदलतं ते फ्लिप-फ्लॉप. सुरेख सांगितलं, एकदाही अडखळलो नाही.
मॅडम म्हणाल्या, "एवढं सरळ आहे, मग वाद घालत कोण होतं?"
ललित खाली बघत राहिला. मीही.